चुकणारा हात आणि अडणारें यंत्र

कोष्टक म्हणजे पुस्तकांतील सर्वांत मुकें पान. त्यांत वर्णन नाहीं, युक्तिवाद नाहीं. वरपासून खालपर्यंत आंकड्यांच्या रांगा तेवढ्या उभ्या. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सुधारलेल्या जगाचा बराचसा व्यवहार या मुक्या पानांच्या आधारानें चालत असे. भर समुद्रांत आपलें जहाज कोठें आहे हें ठरविणारा नाविक, मुलखाची मोजणी करणारा अंमलदार, आयुर्विम्याचा हप्ता बांधून देणारा हिशेबनीस, ग्रहणाची वेळ काढणारा ज्योतिषी, या सर्वांची भिस्त कोष्टकांवर. महाराष्ट्रांत केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं तीं याच गरजेपोटीं. गुणाकार-भागाकाराचा शीण एकानें एकदां सोसावा आणि त्याचें फळ हजारोंनीं आयतें घ्यावें, असा हा परोपकारी प्रकार. पण या परोपकाराला दुसरीहि बाजू होती. एकानें केलेली चूक हजारोंना तितकीच आयती मिळे, आणि आंकडा नुसता पाहून तो खोटा आहे हें कोणालाहि ओळखूं येत नसे. शब्द चुकला तर वाक्य लंगडतें आणि वाचणारा थबकतो. सातच्या जागीं एक पडला तर कांहींच लंगडत नाहीं.

ही भीति काल्पनिक नव्हती. १८३४ सालीं डायोनिशियस लार्डनर या विज्ञानलेखकानें ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या नियतकालिकांत या विषयावर एक विस्तृत लेख लिहिला. कोष्टकांचे कोणतेहि चाळीस ग्रंथ घेतले असतां त्यांच्या शुद्धिपत्रांतच ३७०० चुका कबूल केलेल्या आहेत, असें त्यानें दाखवून दिलें. कबूल न केलेल्या किती असतील याची गणतीच नको! मायकेल टेलर यांच्या लॉगॅरिथमच्या कोष्टकांची कथा तर हंसावें कीं रडावें अशी. ‘नॉटिकल अल्मनॅक’ या नाविक पंचांगांत त्यांतील चुकांचें शुद्धिपत्र निघालें. त्या शुद्धिपत्रांतच चूक सांपडली म्हणून त्याचें शुद्धिपत्र काढावें लागलें. आणि तेंहि बरोबर न उतरल्यामुळें आणखी एक. प्रसिद्ध ज्योतिर्विद जॉन हर्शेल यांनीं १८४२ सालीं अशा दडून राहिलेल्या चुकीला पाण्याखालच्या, नकाशावर न आलेल्या खडकाची उपमा दिली. समुद्रावर सत्ता गाजविणाऱ्या राष्ट्राला ही उपमा अलंकारासाठीं नव्हती. तिच्यांत माणसांच्या जिवाचा हिशेब होता.

चूक शिरण्याचे दरवाजे चार. पहिला प्रत्यक्ष आंकडेमोडीचा. दुसरा कच्च्या कागदावरून पक्क्या कागदावर उतरून घेण्याचा. तिसरा छापखान्यांत खिळे जुळविण्याचा. आणि चौथा मुद्रितें तपासण्याचा. याशिवाय शाई लावतांना एखादा सैल खिळा उपटून येई आणि कामगार तो भलत्याच जागीं बसवून मोकळा होई. हे दरवाजे लावून घेण्याची जुनी युक्ति म्हणजे एकाच कामावर दोन माणसें नेमणें. ‘नॉटिकल अल्मनॅक’ १७६७ सालापासून नेव्हिल मॅस्किलिन यांच्या देखरेखीखालीं निघूं लागलें. त्याचे गणक आपापल्या घरीं बसून आंकडेमोड करीत आणि त्यांचीं उत्तरें एक तिसरा तपासनीस ताडून पाही. एकदां असें उघडकीस आलें कीं, दोन गणकांनीं परस्परांचें काम पाहूनच उत्तरें जुळविलीं होतीं. त्या दोघांनाहि कामावरून जावें लागलें. पण लबाडी नसली तरीहि ही युक्ति अपुरी पडे. एकमेकांना न भेटलेले गणक पुष्कळदां नेमक्या त्याच जागीं नेमकी तीच चूक करीत, हें लार्डनरनें बजावून सांगितलें आहे. माणसाचें लक्ष उडतें, तें उडण्याच्याहि जागा जणूं ठरलेल्या असतात.

फ्रान्समध्यें राज्यक्रांतीच्या धामधुमींत गास्पार द प्रोनी यांनीं निराळाच मार्ग काढला. नव्या दशमान पद्धतीसाठीं प्रचंड कोष्टकें तयार करण्याची कामगिरी त्यांच्याकडे आली होती. कारखान्यांत टाचण्या करतांना जशी कामाची वांटणी होते तशी ती गणितांतहि कां होऊं नये, असा विचार करून त्यांनीं तीन थर केले. वरच्या थरांत थोडे थोर गणिती. त्यांनीं सूत्रें ठरवावीं. मधल्या थरांत सात-आठ जाणते गणक; त्यांनीं सूत्रांत आंकडे घालून द्यावे. खालच्या थरांत साठ ते ऐशीं साधीं माणसें. त्यांनीं बेरीज आणि वजाबाकी यांपलीकडे कांहीं करूं नये. सरदार घराणीं उध्वस्त झाल्यामुळें केशभूषेचा धंदा बुडालेले कारागीरहि या शेवटच्या थरांत होते असें सांगतात. चमत्कार असा कीं, ज्यांना बेरीज-वजाबाकीखेरीज दुसरें गणित येत नव्हतें त्यांचींच उत्तरें जाणत्यांच्या उत्तरांपेक्षां अधिक बिनचूक निघत. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानें १८३२ सालच्या आपल्या ग्रंथांत या गोष्टीचा मुद्दाम उल्लेख केला आहे. जो मधेंच विचार करीत नाहीं, वाट सोडून जवळचा मार्ग शोधीत नाहीं, तो कमी चुकतो. मग जें मुळींच विचार करीत नाहीं, त्याच्याकडेच हें काम कां देऊं नये?

बॅबेजच्या मनांत हा प्रश्न त्यापूर्वींच उभा राहिला होता. १८२१ सालीं तो आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल असे दोघे, दोन गणकांनीं स्वतंत्रपणें तयार केलेलीं ज्योतिषाचीं कोष्टकें समोरासमोर ठेवून ताडून पाहात होते. फरकामागून फरक निघूं लागले. तेव्हां वैतागून बॅबेज उद्गारला कीं, हे हिशेब वाफेच्या यंत्रानें झाले असते तर किती बरें होतें! उद्गार वैतागाचा खरा. पण पुढचें सारें आयुष्य त्यानें त्याच्यापायीं वेंचलें.

त्यानें योजिलेल्या यंत्राच्या मुळाशीं असलेली कल्पना शाळेंतील मुलालाहि समजेल. शून्यापासून पुढें एकेक संख्या घ्यावी, तिच्या वर्गांत तीच संख्या मिळवावी आणि वर ४१ मिळवावे. उत्तरें येतात तीं अशीं: ४१, ४३, ४७, ५३, ६१, ७१. लागोपाठच्या उत्तरांतील फरक पाहिले तर ते २, ४, ६, ८, १०. आतां या फरकांतील फरक पाहावा. तो सर्वत्र २. मग पुढचें उत्तर काढण्यास वर्ग करण्याचें कारणच उरत नाहीं. १० मध्यें २ मिळविले, १२ झाले; ७१ मध्यें १२ मिळविले, ८३ झाले; सहा या संख्येचें उत्तर तेंच. लॉगॅरिथमसारख्या अवघड कोष्टकांचेहि लहान लहान तुकडे पाडले तर प्रत्येक तुकडा याच रीतीनें जवळजवळ बरोबर काढतां येतो. म्हणजे सारें गणित नुसत्या बेरजेवर आलें. आणि बेरीज दांत्यांच्या चाकांना करतां येते. १८२२ सालीं बॅबेजनें एक लहान नमुना तयार करून नेमकें हेंच ४१ चें कोष्टक लोकांना काढून दाखविलें. यंत्राला त्यानें ‘डिफरन्स एंजिन’ म्हणजे फरकाचें यंत्र असें नांव दिलें.

या यंत्राची थोरवी त्याच्या वेगांत नव्हती. बॅबेजनें दोन गोष्टींवर विशेष कटाक्ष ठेविला. पहिली अशी कीं, उत्तर माणसाच्या हातीं जाऊंच द्यावयाचें नाहीं. छपाईचा सांचाहि यंत्रानेंच उठवावा, म्हणजे उतरून घेणारा, खिळे जुळविणारा आणि मुद्रितें वाचणारा या तिघांचेहि दरवाजे एकदम बंद. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. नवाच्या पुढें गेलेल्या चाकानें शेजारच्या चाकाला हातचा द्यावा लागतो. त्या गडबडींत एखादें चाक दोन आंकड्यांच्या मधेंच थांबलें तर काय करावयाचें? बॅबेजनें अशी रचना केली कीं, तसें झाल्यास यंत्र अडून बसावें. खोटें उत्तर देण्यापेक्षां मुळींच उत्तर न देणें बरें, हा नियम त्यानें पितळेंत आणि पोलादांत कोरून ठेविला. माणसाचें याच्या उलट आहे. तो अडला तरी कांहींतरी आंकडा लिहून पुढें जातो.

या स्वप्नाची व्यवहारांत मात्र शोकांतिका झाली. १८२३ सालीं सरकारनें मदत देऊं केली. जोसेफ क्लेमेंट हा कुशल यंत्रकार मिळाला. सुमारें २५००० भागांचें यंत्र ठरलें. १८३२ सालीं त्याचा एक अंश जुळून चालूं लागला. पुढें बॅबेज आणि क्लेमेंट यांचें बिनसलें, काम थांबलें, आणि सरकारी तिजोरींतून सतरा हजार पौंडांच्या वर रक्कम खर्च झाल्यावर १८४२ सालीं सरकारनें अंग काढून घेतलें. इकडे लार्डनरचा तो लेख स्वीडनमध्यें गेऑर्ग शॉइट्स या मुद्रकाच्या वाचनांत आला. त्यानें व त्याचा मुलगा एडवर्ड यानें १८५३ सालीं फरकाचें यंत्र पुरें केलें, आणि बॅबेजनें मत्सर न करतां त्यांचें कौतुक केलें. त्याच धर्तीच्या दुसऱ्या यंत्रावर विल्यम फार यांच्या १८६४ सालच्या इंग्लंडच्या आयुर्मान-कोष्टकाचा कांहीं भाग तयार झाला. परंतु त्यावरहि डोळ्यांत तेल घालून बसावें लागे. बॅबेजच्या स्वतःच्या सुधारलेल्या आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमनें १९९१ सालीं, त्याच्या जन्माला दोनशें वर्षें होत असतां, यंत्राचा गणिताचा भाग उभा केला, आणि २००२ सालीं छपाईचा भाग त्यास जोडला. यंत्र चाललें; दीड शतकापूर्वींचा आराखडा खरा ठरला.

दरम्यान हातानें करावयाची आंकडेमोड किती दगा देते याचा एक करुण दाखला इंग्लंडमध्यें घडला. विल्यम शँक्स हा शाळा चालविणारा गृहस्थ वर्षानुवर्षें वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचें गुणोत्तर, म्हणजे पाय, काढीत बसला आणि १८७३ सालीं त्यानें दशांशाचीं ७०७ स्थळें प्रसिद्ध केलीं. जवळजवळ सत्तर वर्षें ती संख्या प्रमाण मानली गेली. पॅरिसच्या विज्ञानमंदिरांत ती भिंतीवर लिहिण्यांत आली. पुढें डी. एफ. फर्ग्युसन यांनीं ताळा घेतला तेव्हां ५२८ व्या स्थळापासून पुढचे सगळे आंकडे चुकल्याचें १९४६ च्या सुमारास निश्चित झालें. १९४९ सालीं अमेरिकेंतील एनिअ‍ॅक या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रानें सुमारें ७० तासांत २०३७ स्थळें काढलीं. एका माणसाच्या निष्ठेचें फळ एका निसटलेल्या क्षणानें कसें नासतें, याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास नको.

इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र आलें आणि आंकडेमोडीचा पहिला दरवाजा जवळजवळ बंद झाला. मुंबईंतहि टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेलें यंत्र १९६० सालीं पूर्ण रूपानें कामास लागलें. पुढें तें टिफ्रॅक या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. परंतु चूक मोठी चिवट. एक दरवाजा लागला कीं ती दुसऱ्याकडे वळते. आतां ती यंत्राला माहिती पुरविणाऱ्या आणि यंत्र चालविणाऱ्या हातांत जाऊन बसली. माहिती कार्डांवर भोंकें पाडून द्यावयाची. तेव्हां एकानें कार्डें पाडावीं आणि दुसऱ्यानें तोच मजकूर ‘व्हेरिफायर’ नांवाच्या यंत्रावर पुन्हां ठोकावा, मेळ न बसला तर यंत्रानें थांबावें, अशी पद्धत पडली. जुन्या नाविक पंचांगाचे दोन गणक आणि तपासनीस यांचेंच हें नवें रूप. फक्त तपासनीस आतां लोखंडाचा झाला. १९५६ सालीं जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या अमेरिकन कंपन्यांनीं एका कामामागून दुसरें काम माणसाच्या मदतीवांचून सुरू करणारी व्यवस्थाच आयबीएम ७०४ या यंत्रासाठीं तयार केली. संगणकाचा कारभार संगणकानेंच पाहावा, ही आजची रूढ पद्धत तेथून वाढत गेली.

अडून बसण्याच्या नियमाला पुढची पायरी मिळाली ती रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञामुळें. १९४७ च्या सुमारास तो बेल प्रयोगशाळेंत काम करीत असे. तेथील यंत्राला स्वतःची चूक कळत असे. दिवसा चूक झाली कीं तें इशारा देई आणि नोकर येऊन दुरुस्ती करी. सुट्टीच्या दिवशीं मात्र कोणी नसल्यामुळें यंत्र तें काम टाकून पुढच्याकडे वळे. सोमवारीं येऊन पाहावें तों हॅमिंगचें काम तसेंच पडलेलें! त्यानें विचार केला कीं, चूक झाली हें यंत्राला कळतें तर ती कोठें झाली हेंहि कां कळूं नये? १९५० सालीं त्यानें प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत मूळ आंकड्यांबरोबर कांहीं जास्तीचे आंकडे अशा हुशारीनें पाठवावयाचे असतात कीं, एखादा बिघडला तर बिघडलेली जागा आपोआप उमगते आणि यंत्र ती दुरुस्त करून पुढें चालूं लागतें.

हीच कल्पना साध्या वेषांत घरोघरीं पोंचली आहे. जुन्या शाळांत गुणाकाराला नवाचा ताळा लावीत; पण ५७ च्या जागीं ७५ लिहिलें तर त्या ताळ्याला पत्ता लागत नसे, कारण दोहोंतील आंकड्यांची बेरीज एकच. हान्स पीटर लून या आयबीएममधील संशोधकानें १९५४ सालीं एका नव्या ताळ्याच्या पेटंटसाठीं अर्ज केला. तें १९६० सालीं मंजूर झालें. एकाआड एक आंकडा दुप्पट करावा, दुपटीला दोन आंकडे आले तर त्यांची बेरीज घ्यावी, आणि सर्वांची बेरीज दहाच्या पटींत येईल असा शेवटचा आंकडा जोडावा. बँकेच्या कार्डांवरील क्रमांकांत हाच ताळा असतो. एक आंकडा चुकला तर तो सांपडतोच, आणि शेजारचे दोन आंकडे उलटे पडले तरी बहुधा सांपडतात. ० आणि ९ यांची अदलाबदल तेवढी निसटते. डच गणितज्ञ याकोबुस व्हर्हूफ यांनीं १९६९ सालीं तीहि फट बुजविणारी रीत दाखविली, आणि भारतांतील आधार क्रमांकाचा बारावा आंकडा त्याच रीतीनें ठरतो.

असें असतां प्रश्न मिटला काय? अलीकडच्या तीन घटना याचें उत्तर देतील. १ ऑगस्ट २०१२ रोजीं अमेरिकेंतील नाइट कॅपिटल या रोख्यांच्या पेढीनें आठ संगणकांवर नवा कार्यक्रम चढविला; चढविणाऱ्याकडून आठवा संगणक राहून गेला, आणि दुसऱ्या कोणीं तें काम तपासलें नाहीं. त्या एका संगणकावरील जुना, अडगळींत पडलेला कार्यक्रम जागा झाला आणि सुमारें पाऊण तासांत पेढी ४४ कोटि डॉलरांहून अधिक रकमेला बुडाली. बाजार उघडण्यापूर्वीं त्याच यंत्रणेनें आपण होऊन ९७ संदेश पाठविले होते. त्यांकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं अ‍ॅमेझॉनच्या एका कर्मचाऱ्यानें थोडे संगणक बाजूला काढण्याची आज्ञा देतांना तपशील चुकविला. हवे होते त्याहून पुष्कळ अधिक निघाले आणि असंख्य संकेतस्थळें कांहीं तास बंद पडलीं. त्यावर कंपनीनें केलेला उपाय बॅबेजला आवडला असता: ठराविक मर्यादेखालीं संख्या नेणारी आज्ञा आली तर ती हत्यारानेंच नाकारावी, आणि मान्य असलेलें कामहि सावकाश करावें. तिसरी घटना ४ ऑक्टोबर २०२१ ची. देखभालीच्या वेळीं दिलेल्या एका आज्ञेमुळें फेसबुकचें सारें जाळें सुमारें सहा तास तुटलें. अशा आज्ञा अडविण्यासाठीं तेथें तपासनीस कार्यक्रम ठेविला होता; पण त्या तपासनिसांतच दोष निघाला. शुद्धिपत्राच्या शुद्धिपत्राची ही नवी आवृत्ति म्हणावयाची!

या तीन घटनांत यंत्राचा वेग हा चुकीचाहि वेग झाला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. शँक्सची चूक सत्तर वर्षें निमूट पडून होती. आजची चूक घटकाभरांत घर बुडविते. लिसान बेनब्रिज या इंग्रज मानसशास्त्रज्ञ विदुषीनें १९८३ सालीं यांतील आणखी एक विसंगति दाखविली. सोपें काम यंत्राकडे जातें आणि अवघड तेवढें माणसाकडे उरतें. पण सोप्या कामाची रोजची संवय सुटल्यामुळें अवघड प्रसंगीं त्याचा हात चालत नाहीं. म्हणून हल्लींचे जाणते कारभारी मनुष्याला अजिबात दूर सारण्यापेक्षां त्याच्या हातून होणारी चूक लहान कशी राहील हें पाहतात: नवा बदल आधीं एकाच संगणकावर करून पाहावा, मागें फिरण्याची वाट उघडी ठेवावी, मोठी आज्ञा दुसऱ्या माणसाच्या संमतीवांचून चालूं नये, आणि संशय येतांच यंत्रानें थांबावें.

बॅबेजला पार्लमेंटच्या सभासदांनीं दोनदां विचारलें होतें कीं, यंत्रांत चुकीचे आंकडे घातले तर उत्तर बरोबर येईल काय? असा प्रश्न सुचविणारा गोंधळ कोणत्या जातीचा असावा हेंच आपल्याला कळत नाहीं, असें त्यानें उपहासानें लिहून ठेविलें आहे. उपहास योग्यच, पण प्रश्नामागची माणसाची आशा मात्र जुनी आणि खरी आहे. फरकाच्या यंत्राला पहिल्या ओळीचे आंकडे माणसालाच हातानें लावून द्यावे लागतात. ते बरोबर असतील तर खालचें सारें कोष्टक बरोबर, आणि ते चुकले तर खालचें प्रत्येक उत्तर तितक्याच निष्ठेनें चुकीचें. दोनशें वर्षांत खालच्या ओळींची काळजी यंत्रांनीं पुष्कळ वाहिली. पहिली ओळ लावण्यापूर्वीं ती दोनदां वाचण्याचें काम अजून माणसाकडेच आहे.